वाचकांचे प्रश्न : विमानप्रवासातील सामान आणि सुरक्षितता

गेल्या अंकात या सदरासाठी विमानप्रवासाविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख तिकिटाच्या दरापेक्षा सामानावर आहे. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून येथे उत्तरे देत आहोत. किती किलो सामान चालेल हे विमान कंपनीवर आणि तिकिटाच्या प्रकारावर अवलंबून असल्यामुळे तो आकडा प्रत्येकाने आपल्या तिकिटावरच पाहावा. येथे भर आहे तो कोणती वस्तू कोठे ठेवावी आणि काही बिनसलेच तर काय करावे, यावर.

प्रश्न : माझे आई-वडील प्रथमच परदेशी निघाले आहेत. मुंबईहून निघून वाटेत एकदा विमान बदलायचे आणि माझ्या बहिणीकडे न्यू जर्सीला पोहोचायचे आहे. दोघांनी सत्तरी ओलांडली आहे आणि इंग्रजी जेमतेम समजते. हातातल्या बॅगेत काय द्यावे आणि मोठ्या बॅगेत काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बॅग भरायला बसण्यापूर्वी घरात सर्वांनी मिळून एवढाच विचार करावा, की मोठ्या बॅगा चार दिवस मिळाल्याच नाहीत तर कशाकशावाचून अडेल. जे अडेल ते हातात. त्यात पासपोर्ट आणि पैसे तर आलेच; पण चष्म्याचा दुसरा जोड, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या, कवळीची डबी, एक उबदार कपडा आणि परतल्यावर लागणाऱ्या घराच्या किल्ल्या या गोष्टी हमखास मोठ्या बॅगेत जातात आणि मग पंचाईत होते. बहिणीचा पत्ता आणि फोन क्रमांक कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो आई आणि वडील या दोघांजवळही वेगवेगळा द्यावा, कारण फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते.

औषधांच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. शक्य असल्यास सगळीच औषधे, नाहीतर निदान दोन आठवड्यांची, हातातल्या बॅगेत असावीत. ती दुकानातून आलेल्या मूळ पाकिटातच ठेवावीत. सकाळ-दुपार-संध्याकाळ असे खण असलेल्या डबीत काढून ठेवलेल्या सुट्या गोळ्या तपासणी करणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. डॉक्टरांकडून औषधांची टंकलिखित यादी घ्यावी आणि तीत औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे तिकडच्या डॉक्टरला किंवा फार्मसीत ओळखू येत नाहीत. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये. सामानाच्या कक्षात ते गोठण्याचा धोका असतो आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरण्याजोगे राहत नाही.

देशातून निघणाऱ्या इकॉनॉमीच्या प्रवाशाला साधारणपणे ७ किलोची एकच हातातली बॅग नेता येते आणि तिची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये. पर्स किंवा लॅपटॉपची बॅग वेगळी. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांत आणि त्या सर्व बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत ठेवायच्या असतात. येथे बाटलीचा आकार मोजला जातो, आतला ऐवज नव्हे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खोबरेल तेलाची २०० मिलिलिटरची बाटली अर्धी रिकामी असली तरी ती काढून ठेवावी लागते. औषधी द्रवाला यातून सवलत आहे, पण त्यासाठी चिठ्ठी हवी.

दोघांच्या मोठ्या बॅगा भरताना आईचे दोन जोड वडिलांच्या बॅगेत आणि वडिलांचे आईच्या बॅगेत ठेवावेत. एक बॅग मागे राहिली तरी दोघांचेही निभावते. बॅगेला लावायचे कुलूप अमेरिकी तपासणी यंत्रणेला आपल्या किल्लीने उघडता येईल अशा प्रकारचे घ्यावे; साधे कुलूप लावले आणि तिकडे बॅग उघडायचे ठरले, तर ते तोडले जाते आणि त्याबद्दल दाद मागता येत नाही.

मुलीसाठी आंबेमोहोराची पिशवी नेण्याचा मोह होईल, तो आवरावा. भारतासह ज्या देशांत खापरा नावाचा धान्यकिडा आढळतो, तेथून प्रवाशांनी तांदूळ आणण्यास अमेरिकेत मनाई आहे. ताजा कढीपत्ता आणि ताजी फळेही तेथे चालत नाहीत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांसारखे भाजलेले, सीलबंद पदार्थ नेता येतात, मात्र तेथे उतरल्यावर खाद्यपदार्थ आणले आहेत का असे विचारले असता ‘हो’ म्हणावे. जाहीर केलेली वस्तू चालण्याजोगी नसेल तर ती काढून घेतली जाते एवढेच. लपवलेली सापडली तर दंड होतो. वडिलांना हे आधीच समजावून सांगावे, कारण आपल्याकडची वडीलधारी मंडळी अधिकाऱ्यासमोर घाबरून आधी ‘नाही’ म्हणून मोकळी होतात.

व्हीलचेअर मागण्यात कमीपणा मानू नये. तिकीट काढताना, किंवा निदान प्रवासाच्या ४८ तास आधी, ती मागितली की विमान बदलायच्या ठिकाणी सोबत माणूस मिळतो आणि भाषेची अडचण निम्मी मिटते. फक्त पासपोर्टची पर्स चाकाच्या खुर्चीमागे न अडकवता मांडीवरच असू द्यावी.

प्रश्न : दिवाळीत मुलाकडे दुबईला जाणार आहे. फराळ, ओटीचे सामान आणि पूजेचे साहित्य न्यायचे आहे. कशाला हरकत घेतली जाते?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सर्वांत आधी अनारसे. खसखशीवर थापलेले अनारसे आपल्याला निरुपद्रवी वाटतात. परंतु संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेला पदार्थ आहे आणि पिशवीतील खसखशीवरून लोकांना तेथे अटक झालेली आहे. मूठभर आहे, घरच्या वापराची आहे, पदार्थात मिसळलेली आहे, असली सबब तेथे सांगत बसण्याची वेळ आपल्यावर येऊ देऊ नये. सुटी खसखस तर नकोच, पण ती लावलेले अनारसे आणि खसखस घातलेला काळा मसाला, कडबोळी किंवा करंजीचे सारणही नको. करंज्या करायच्याच असतील तर या वर्षी सारणातून खसखस वगळावी; मुलगा तक्रार करणार नाही.

दुसरी वस्तू सुके खोबरे. भारतात मार्च २०२२ मध्ये हवाई सुरक्षेच्या यंत्रणेने सुके खोबरे हे मोठ्या बॅगेत न चालणाऱ्या वस्तूंच्या यादीत घातले. खोबऱ्यात तेलाचे प्रमाण भरपूर असते आणि बंद जागेत साठा तापला तर ते आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही ते ज्वलनशील पदार्थांत मोडते. ओटीसाठी खोबऱ्याच्या वाट्या दुबईच्या दुकानांतून सहज मिळतात, त्या तिकडेच घ्याव्यात.

कापूर हाही ज्वलनशील घन पदार्थ आहे. तो हातात किंवा मोठ्या बॅगेत, कोठेच ठेवू नये. काडेपेटी आणि लायटर यांचेही तेच. चिवडा, चकली, शंकरपाळे खुशाल न्या. लोणचे आणि वाटलेले मसाले मात्र मोठ्या बॅगेतच ठेवावेत. तिखटाची पूड हातातल्या बॅगेत सापडली की ती तपासणीवर अडते. लोणच्याच्या बरणीचे झाकण चिकटपट्टीने बंद करून बरणी दोन प्लॅस्टिक पिशव्यांत आणि वर जुन्या टॉवेलात गुंडाळावी. हवेचा दाब कमी-जास्त होताना झाकणाच्या फटीतून तेल बाहेर येते आणि ते नेमके नव्या साडीपर्यंत पोहोचते.

औषधांविषयीही येथेच सांगणे योग्य होईल. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्याकडे डॉक्टर सर्रास लिहून देतात, पण अमिरातीत त्या नियंत्रित औषधांत येतात आणि त्यांच्यासाठी तेथील आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागते. आपल्या गोळ्यांत यातले काही आहे का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

प्रश्न : पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवली म्हणून माझी बॅग बाजूला काढून मला परत बोलावले. हातात चालते तर तेथे का चालत नाही?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : प्रश्न ती पेटते की नाही हा नसून पेटली तर कोणाला दिसेल हा आहे. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की तिचे तापमान स्वतःहून वाढत जाते, आणि मालाच्या कक्षातील अग्निशामक वायू ज्वाळा दाबू शकला तरी बॅटरीच्या आत चाललेली ही प्रक्रिया थांबवू शकत नाही. प्रवासी कक्षात मात्र धूर दिसताच कर्मचारी पाण्याने ती थंड करू शकतात.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एअर बुसानच्या विमानात वरच्या कप्प्यातून आग सुरू झाली आणि विमानाचे छत जळाले. सर्व प्रवासी बाहेर पडले. तपासात पॉवर बँकेतील बिघाडाकडे बोट दाखवण्यात आले. त्यानंतर १ मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली आणि १ एप्रिलपासून सिंगापूर एअरलाइन्सने विमानात तिचा वापर बंद केला. इतर कंपन्याही त्याच वाटेने जात आहेत, म्हणून ती सीटसमोरच्या खिशात किंवा आपल्याजवळ ठेवावी आणि विमानात तिच्यावर फोन लावू नये.

मर्यादा वॅट-अवरमध्ये मोजली जाते. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते आणि त्यापुढे ती नेता येत नाही. पॉवर बँकेवर मिलिअँपिअर-अवर छापलेले असतात, त्यांना ३.७ ने गुणून १००० ने भागावे. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची भरते आणि ३०,००० ची १११ ची. वरचे आकडे पुसट झालेली पॉवर बँक तपासणीत काढून घेतली जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट. विमान भरलेले असले की दारापाशी कर्मचारी हातातली बॅग मागतात आणि ती खाली मालाच्या कक्षात पाठवतात. त्या गडबडीत पॉवर बँक, औषधे आणि पासपोर्ट आत राहतात. या तीन वस्तू एका लहान कापडी पिशवीत एकत्र ठेवल्या असतील, तर एका हाताने ती उचलून बॅग द्यायला दहा सेकंद लागतात.

प्रश्न : लंडनहून मुंबईमार्गे नागपूरला आलो. एक बॅग दोन दिवस उशिरा घरपोच आली. ती उघडली तेव्हा चाक तुटलेले आणि आतील काचेचे सामान फुटलेले होते. गावी लग्न असल्याने बाराव्या दिवशी तक्रार पाठवली, ती मुदतीबाहेर म्हणून कंपनीने नाकारली. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्याला हे कटू वाटेल, पण नुकसानीपुरती कंपनीची बाजू कायद्याला धरून आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. या करारानुसार सामानाचे नुकसान झाले असेल तर बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार गेली पाहिजे, आणि बॅग उशिरा मिळाल्याची तक्रार ती मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत. आपली तक्रार बाराव्या दिवशी गेली, म्हणजे तुटलेल्या चाकासाठी उशीर झाला. परंतु दोन दिवसांच्या विलंबामुळे कपडे किंवा गरजेच्या वस्तू विकत घ्याव्या लागल्या असतील तर त्या खर्चाचा दावा अद्याप मुदतीत असू शकतो. पावत्या असतील तर आजच पाठवाव्यात. प्रवासविमा काढलेला असल्यास त्याच्या अटीही पाहाव्यात, कारण विमा कंपनीची मुदत आणि विमान कंपनीची मुदत या वेगळ्या असतात.

इतर वाचकांसाठी हा विषय थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक दावे नुकसान लहान होते म्हणून नव्हे, तर कागद नव्हता म्हणून फेटाळले जातात.

सुरुवात चेक-इनच्या काउंटरवरच होते. बॅगेवर लावलेल्या पट्टीवर तीन अक्षरी विमानतळ संकेत असतो. तो आपल्या शेवटच्या मुक्कामाचा आहे ना, हे बॅग सरकण्यापूर्वी वाचावे. मुंबईचा संकेत बीओएम, नागपूरचा एनएजी. गोव्यात दोन विमानतळ असल्याने दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स; डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईतूनही विमाने उडू लागल्याने एनएमआय हा संकेतही आता ओळखीचा करून घ्यावा. परदेशातून मुंबईत उतरून पुढे देशांतर्गत विमान पकडायचे असेल, तर पट्टीवर नागपूर लिहिलेले असूनही बहुधा मुंबईतच बॅग उचलून सीमाशुल्क तपासणीतून न्यावी लागते आणि पुन्हा जमा करावी लागते. ‘थेट नागपूरला जाईल’ असे परदेशातील काउंटरवर सांगितले तरी मुंबईत सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर एकदा नजर टाकावी. जुन्या प्रवासाच्या पट्ट्या आणि बारकोडचे लहान तुकडे आधीच सोलून काढावेत, कारण यंत्र त्यांनाही वाचते. बॅगेचा आणि आतल्या सामानाचा एक फोटो फोनमध्ये असावा. ‘काळी, मध्यम आकाराची, चाकांची’ या वर्णनाच्या बॅगा त्या पट्ट्यावर एका वेळी चाळीस तरी फिरत असतात. बाहेरच्या नावपट्टीबरोबरच आत, कपड्यांच्या सर्वांत वर, नाव आणि फोन क्रमांकाचा कागद ठेवावा. बाहेरची पट्टी तुटून पडली की तोच कामी येतो.

बॅग आली नाही किंवा मोडलेली आली, तर विमानतळाबाहेर पाऊल टाकू नये. त्याच दालनात विमान कंपनीचे सामानविषयक काउंटर असते, तेथे पीआयआर नावाचा अहवाल भरून घ्यावा. त्यावर दहा अक्षरांचा संदर्भ असतो: पहिली तीन विमानतळाची, दोन कंपनीची आणि पुढे पाच आकडे. हा संदर्भ क्रमांक म्हणजे आपल्या बॅगेचा शोध घेण्याचे एकमेव साधन. तो मिळाल्याशिवाय ‘आम्ही फोन करू’ या आश्वासनावर घरी येऊ नये. बॅग फिरून आली तरी पट्ट्याजवळच बिजागऱ्या, चाके आणि चेन पाहाव्यात. चेन बंद दिसत असली तरी तिच्या दातांमध्ये बॉलपेनचे टोक खुपसून बॅग उघडता येते आणि मग सरकी (चेनची सरकणारी कडी) फिरवून ती पूर्ववत बंद करता येते; म्हणून सरकी आपण ठेवली होती त्या जागी आहे का, तेही पाहावे. हा अहवाल विमानतळावर भरला म्हणजे लेखी दावा झाला असे समजू नये. ७ आणि २१ दिवसांच्या मुदतीत ईमेलने, फोटो आणि पावत्यांसह, स्वतंत्र दावा करावा.

२१ दिवसांत बॅग मिळाली नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासात भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून सध्याच्या दरांनी ही रक्कम पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास जाते. ही कमाल मर्यादा आहे, हमखास मिळणारी रक्कम नव्हे. सिद्ध झालेल्या नुकसानीइतकेच मिळते. देशांतर्गत प्रवासात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या २०१९ च्या प्रवासी सनदेनुसार ही मर्यादा २०,००० रुपयांची आहे. पैठणीची किंमतच त्याहून जास्त असेल तर ती मोठ्या बॅगेत ठेवण्यात काय शहाणपण आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा या संकेतस्थळावर तक्रार करता येते आणि त्यानंतर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासातील दावा न्यायालयात नेण्याची मुदत दोन वर्षांची असते.

प्रश्न : भाचीच्या लग्नासाठी पुण्याहून दिल्लीमार्गे टोरांटोला जायचे आहे. दागिने हातातल्या बॅगेत ठेवून ती वरच्या कप्प्यात ठेवली तर पुरेसे आहे ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पुरेसे नाही. मे २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका माणसाला पकडले. आधीच्या वर्षभरात त्याने सुमारे २०० विमानप्रवास केले होते आणि त्यांत सहप्रवाशांच्या, विशेषतः वयस्क स्त्रियांच्या, हातातल्या बॅगांमधून दागिने चोरले होते. त्याची पद्धत साधी होती. विमानात चढण्याच्या गडबडीत आपली बॅग ठेवायला जागा करण्याच्या मिषाने तो वरच्या कप्प्यात हात घाली. दुसऱ्याची बॅग हलवणाऱ्या माणसाला कोणी हटकत नाही, कारण विमानात सर्वच जण एकमेकांच्या बॅगा सरकवत असतात.

म्हणून दागिन्यांची लहान पिशवी अंगावरच्या किंवा खांद्यावरच्या पर्समध्ये असावी आणि ती पर्स समोरच्या सीटखाली, दोन पायांच्या मध्ये ठेवावी. दुसरी जागा दगा देणारी असते ती सुरक्षा तपासणीची. घड्याळ, बांगड्या, फोन ट्रेमध्ये काढून ठेवले की ते यंत्रातून पलीकडे पोहोचतात आणि आपण अद्याप रांगेतच असतो. या वस्तू रांगेत उभे राहण्यापूर्वीच पर्समध्ये टाकून चेन लावावी आणि पुढचा प्रवासी दरवाजातून पार झाल्यावरच आपला ट्रे पुढे ढकलावा. तेथे काही विसरल्यास सीआयएसएफच्या हरवले-सापडले विभागाकडे चौकशी करावी. देशातील बहुतेक मोठ्या विमानतळांवर तपासणीचे काम हेच दल पाहते.

दागिने परत आणायचे आहेत, तेव्हा निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी दागिने, शक्य तर त्यांच्या पावत्या किंवा सराफाचे मूल्यांकनपत्र, आणि हाताशी वेळ लागतो. ते नसेल तर परतताना हे दागिने येथूनच नेले होते हे पटवून देण्याचे काम आपल्यावर येते.

प्रश्न : ओळखीचे लोक ‘फक्त एक पाकीट’ न्यायला सांगतात. नाही म्हणणे जड जाते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तरी नाहीच म्हणावे. जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण दांपत्य नातेवाईक स्त्रीने घडवून आणलेल्या सहलीवर दोह्याला गेले. तिने कोणासाठी तरी जर्दा म्हणून दिलेल्या पाकिटात चार किलोंच्या आसपास चरस निघाले. पत्नी त्या वेळी गर्भवती होती. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, मुलीचा जन्म तुरुंगात झाला, आणि भारतातील अमली पदार्थविरोधी यंत्रणेने खऱ्या सूत्रधारांचा माग काढल्यानंतर फेरसुनावणीत सुटका होऊन एप्रिल २०२१ मध्ये ते घरी परतले. येथे पाकीट देणारी अनोळखी नव्हती, घरची होती, हे लक्षात घ्यावे.

ज्यांना अगदीच टाळता येत नाही, त्यांनी वस्तू सुटी मागावी आणि स्वतः बांधावी. शिवून बंद केलेली उशी, सील केलेला डबा, भेटकागदात गुंडाळलेले पुस्तक यांपैकी काहीही घेऊ नये. ‘आमच्यावर एवढाही विश्वास नाही का’ असा रुसवा आला तर तो सोसावा.

प्रश्न : आपण मौल्यवान वस्तू हातातल्या बॅगेत ठेवायला सांगता आणि विमानात सांगतात की संकटात सामान सोडून बाहेर पडा. मग नेमके काय करायचे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर असे, की विमान उडताना आणि उतरताना पासपोर्ट, फोन आणि तातडीची औषधे अंगावर असावीत: जॅकेटच्या चेनच्या खिशात किंवा गळ्यातल्या चपट्या पाकिटात. बाकीची बॅग, तीत काहीही असो, त्या वेळी नसल्यासारखी समजावी.

यामागचे गणित सांगतो. नव्या प्रकारच्या विमानाला मान्यता देताना निम्मीच दारे उघडून सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे दाखवावे लागते. त्या चाचणीत कोणी बॅग काढायला थांबत नाही. वरचा कप्पा उघडून बॅग खाली ओढायला एका माणसाला पाच-सात सेकंद लागतात आणि तेवढा वेळ मागची संपूर्ण रांग अडते; संकटात बाहेर पडण्यासाठी दाराशी फुगणारी घसरगुंडी बॅगेच्या कडेने फाटली तर ते दारच निकामी होते.

३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून आलेले एमिरेट्सचे विमान दुबईच्या धावपट्टीवर आपटले. आतल्या ध्वनिचित्रफितीत धुराने भरत चाललेल्या विमानात लोक बॅगा काढताना दिसतात. विमानातील ३०० जण वाचले, पण उतरल्यानंतर नऊ-दहा मिनिटांत विमानात स्फोट झाला आणि एका अग्निशमन जवानाचा मृत्यू झाला. याउलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळून पेटले. लहान विमानातील पाच जण दगावले. मोठ्या विमानात ध्वनिक्षेपक बंद पडला होता, आठपैकी तीनच दारे वापरण्याजोगी होती, तरीही ३७९ जण बाहेर पडले आणि नंतर विमान जळून खाक झाले. तेथील प्रवाशांनी सामान मागेच सोडले होते.

सीटवर बसल्यावर पुढचे आणि मागचे दार आपल्यापासून किती रांगांवर आहे, हे सीटच्या पाठींवर बोट ठेवून मोजून ठेवावे. धुरात दिसत नाही, हाताला मात्र पाठी लागतात. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी बूट पायात असावेत. लाइफ जॅकेट विमानाच्या आत फुगवू नये. नोव्हेंबर १९९६ मध्ये अपहरण झालेले इथिओपियाचे विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरले, तेव्हा आतच जॅकेट फुगवलेले अनेक जण पाण्याबरोबर छताकडे ढकलले गेले आणि दारापर्यंत पोहोचू शकले नाहीत. ऑक्सिजनचा मुखवटा आधी स्वतःला लावण्याची सूचनाही आईवडिलांना निष्ठुर वाटते. पण ३५,००० फुटांवर दाब गेल्यास माणूस अर्ध्या ते एका मिनिटात भान हरपतो, आणि मग मुलाला मुखवटा लावायला कोणीच उरत नाही.

प्रश्न : पट्ट्याचा दिवा विझल्यावर सीटचा पट्टा सोडला तर चालतो ना?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालतो, पण सोडू नये. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेले विमान म्यानमारवरील आकाशात अचानक खाली-वर फेकले गेले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जण जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावे लागले. स्वच्छ हवेतील झोत वैमानिकाच्या रडारवर नेहमी दिसतोच असे नाही. बसलेले असताना पट्टा सैलसर का होईना, पण लावलेला असावा, आणि पांघरूण घेतले तर पट्टा पांघरुणाच्या वर असावा, म्हणजे तो तपासायला हवाई कर्मचाऱ्यांना झोपलेल्या माणसाला उठवावे लागत नाही.

प्रश्न : मुलगी विमानतळावरून बोर्डिंग पासचा फोटो समाजमाध्यमांवर टाकते. त्यात धोका आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. पासवर छापलेला पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आरक्षण उघडते, आणि तेथून फोन क्रमांक, परतीची तारीख, कधी कधी तिकीट रद्द करण्याची सोयही हाती लागते. नुसते आकडे झाकून उपयोग नाही, कारण तीच माहिती बारकोडमध्ये असते आणि फोटोवरून तो वाचता येतो. शिवाय घर किती दिवस बंद आहे हेही त्यातून कळते. फोटो परतल्यावर टाकावा. पास आणि बॅगेच्या पट्टीची पावती लगेच फेकू नये. बॅगेविषयी तक्रारीची मुदत उलटेपर्यंत आणि विमान कंपनी नियमित प्रवाशांना देते त्या मैलांची नोंद खात्यात दिसेपर्यंत ती जपून, मग बारकोडवरून फाडून टाकावी.